ताईचे सासरे आणि सूतबाजाराची कमान

सोलापुरात पाहण्यासारखं काय आहे, असं ज्याने ज्याने म्हणून आमच्या ताईच्या सासऱ्यांना विचारलं, त्यांपैकी एकही माणूस त्या दिवशी वेळेवर जेवलेला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या उपाशी मंडळींत मीच होतो, आणि आम्ही तर तसलं काही विचारलंही नव्हतं. ताईच्या लग्नाची बोलणी करायला वडील, चुलते आणि मी सांगोल्याहून एसटीने आलो होतो. भर उन्हाळा, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि हे गृहस्थ स्टँडवर हातात मिटलेली छत्री घेऊन उभे. जयभीम केला, वडिलांची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "घर काय कुठं पळून जात नाही. ऊन चढायच्या आत जरा गाव बघून घेऊ." मग किल्ला बघितला, बाहेरून आणि आतून. तलावाच्या काठाने फिरून पाण्यातलं देऊळ कुठून सगळ्यात चांगलं दिसतं ती जागा बघितली. चार पुतळ्यांना हात जोडले. महापालिकेच्या इंद्रभुवनासमोर तर त्यांनी आम्हाला तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभं केलं, कारण त्यांच्या मते ती इमारत एका ठिकाणाहून बघणाऱ्याला ती दिसतच नाही. वडिलांनी टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "पावणं, आमच्याकडं टँकर आल्याबिगर एवढा येळ उन्हात कुणी हुबं ऱ्हात न्हाई." ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांनी ती दाद समजून मान लववली. अडीच वाजता आम्ही घरी पोचलो तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती गार भाताच्या पातेल्याशेजारी बसल्या होत्या. नवऱ्याला काही न बोलता त्यांनी पातेलं परत स्टोव्हवर चढवलं, त्यावरून हे रोजचं आहे एवढं कळलं. परतीच्या गाडीत चुलते म्हणाले, माणूस जरा येडा दिसतोय. वडील म्हणाले, "पोरगी द्यायची. दगडाबद्दल जो माणूस खोटं बोलत न्हाई, त्यो माणसाबद्दल काय बोलंल?"

ताई त्यांना मामा म्हणू लागली, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो. पुढे मला सोलापुरातच शाळेत नोकरी लागली आणि भवानी पेठेत ताईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर मी खोली घेतली. त्यामुळे हा माणूस मला सणासुदीला भेटणारा पाहुणा राहिला नाही. तो मला रोज मिळाला.

मामा बांधकाम कचेरीत ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्यांनी बांधायच्या इमारतींचे नकाशे शाईने काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी रेघ ओढलेली एखादी इमारत रस्त्यात लागली तर ते मान खाली घालून पुढे जात. "रेघ माझी, बाकीचं वरच्यांचं," एवढंच म्हणत. पण जुन्या पेठांतली एखादी दगडी इमारत दिसली की हाच माणूस थोरल्या भावाच्या घरी आल्यासारखा सैल व्हायचा. इमारतीकडे ते बोट कधी दाखवत नसत. वडीलधाऱ्यांकडे कुणी बोट करतं का? ते तळहात उघडा करून पुढे धरत, जणू ओळख करून देताहेत. चहाच्या हॉटेलात चांगल्या इमारतीकडे पाठ करून बसत नसत. समोरची खुर्ची रिकामी नसेल तर उभ्याने चहा पीत. खिशात मापाची टेप कायम. एकदा ताईच्या डोहाळजेवणाला बायका फोटोसाठी ओळीत उभ्या असताना मामा त्यांच्या मागच्या जुन्या खिडकीची रुंदी मोजत होते. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत ताईच्या डोक्यामागे एक हात आणि पिवळी टेप आहे.

त्यांचं सगळ्यात मोठं धर्मसंकट म्हणजे पिंपळ. जुन्या भिंतींत पिंपळाची रोपं उगवतात, मुळं दगडांच्या सांध्यांत शिरतात आणि पंधरा-वीस वर्षांत भिंत उकलते. रोप उपटलं नाही तर इमारत जाते. उपटावं तर तो बोधिवृक्ष. मामांनी यावर तोड काढली. लांब काठीला आकडी बांधून ते रोप अलगद मुळासकट सोडवत, त्याला "चला, तुमची बदली झाली" म्हणत, आणि तेलाच्या डब्यात लावून घरी आणत. त्यांच्या गच्चीत मी मोजले तेव्हा चाळीसहून जास्त डबे होते. लग्न असो, बारसं असो, मामांकडून पिंपळच यायचा. एकदा मामी कातावून म्हणाल्या, "माणसं हळदीकुंकवाला वाण लुटतात, आमच्याकडं जंगल लुटतात." हळदीकुंकू त्यांच्या घरी होत नसे, पण राग आला की मामींना शेजारणींचे शब्द सुचत.

निवृत्तीनंतर मामांनी रोज सकाळी स्टँडवर जायला सुरुवात केली. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करणारी माणसं तिथे गाडी बदलतात. चादरी घ्यायला आलेली असतात. कुणी दवाखान्यातल्या नातेवाइकाला भेटून परत निघालेली असतात. बाकावर कंटाळून बसलेल्या माणसाशेजारी जाऊन मामा विचारत, "गाडीला दोन तास आहेत ना?" माणूस हो म्हणाला की संपलं. पैसे ते कधीच घेत नसत, आणि फुकट हिंडवणाऱ्या माणसाबद्दल लोकांना जो संशय येतो तो मामांच्या तोंडाकडे बघून वाटेत कुठेतरी गळून पडे. एका वयस्क जोडप्याची गाडी त्यांच्यापायी चुकली तेव्हा मामांनी त्यांना घरी आणलं, मुक्काम करवला आणि सकाळी राहिलेलं गाव दाखवलं. जाताना ते जोडपं पिंपळाचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसलं होतं.

या फेरीचा शेवट ठरलेला असे: सूतबाजार. कापडगिरण्या जोरात होत्या त्या काळात सुताच्या गाठींचा व्यापार चालायचा, ती ही दगडी इमारत. आता आत वाचनालय आहे आणि बाजूला बंद गाळे. दर्शनी भागाला मोठी कमान, कमानीवर दगडात आरपार कोरलेली वेल, वेलीत पोपटांची जोडी. मामा पाहुण्यांना समोरच्या फुटपाथवर उभं करत, थोडा वेळ काही बोलत नसत, आणि मग आवाज खाली आणून सांगत. ही कमान इथल्याच शुक्रवार पेठेतल्या एका मुसलमान कारागिराने स्वतःच्या हाताने घडवली. काम पुरं झालं, खालचा लाकडी आधार काढायचा दिवस आला, तेव्हा मजूर घाबरले. मग तो कारागीर स्वतः कमानीखाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काढा आता." इथे मामा थांबत. मी ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल, आणि शंभरदा माझ्या अंगावर काटा आला.

त्या कारागिराचं घर अजून शुक्रवार पेठेत होतं. त्यांचे नातू मामांच्या कचेरीत शिपाई होते आणि मामांचे जिवलग; ते वारले, पण त्यांच्या पत्नी होत्या. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची, आम्हीही. गुडघ्यांनी अधू झालेल्या, बोलायला तिखट, आणि गोधड्या शिवण्यात हात असा की टाका दिसू नये. मामांच्या गोष्टीने या घराला एक निराळीच प्रतिष्ठा आली होती. एका स्थानिक पत्रात चार ओळी छापून आल्या, त्या कात्रणाला खालांनी काच लावून घेतली. लोक त्या घराला "कमानवाले" म्हणू लागले. खालांच्या मुलाने टेम्पो घेतला तेव्हा पाठीमागे पिवळ्या अक्षरांत "कमानवाले" रंगवून घेतलं, आणि नातीच्या लग्नपत्रिकेवर तेच आडनाव छापलं. दर ईदेला खाला रिक्षाने सूतबाजारासमोर येत, रिक्षातूनच कमान डोळे भरून बघत आणि परत जात. समोरच्या उंच पायऱ्या चढणं त्यांच्या गुडघ्यांना कधी जमलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी सूतबाजाराची डागडुजी निघाली. मामा उद्घाटनाला बोलावल्यासारखे रोज हजर. कमानीवर कधीतरी कुणीतरी ऑइल पेंट फासला होता, त्याच्याखाली चुन्याचे थरावर थर. ते सगळं घासून काढत असताना परांचीवरच्या मजुराने हाक मारली, "मामा, हितं कायतरी लिवलंय की!" मामा त्या वयात परांचीवर चढले. कमानीच्या माथ्यावरच्या मधल्या दगडाच्या वरच्या अंगाला, खालून कधी दिसू नये अशा ठिकाणी, दोन ओळी कोरलेल्या होत्या. अक्षरं कानडी. मामांना कानडी येत नव्हतं. त्यांनी समोरच्या भांड्यांच्या दुकानाच्या मालकांना आणलं. त्यांच्या घरी कानडीच बोलतात. मालक परांचीवर चढायला तयार होईनात, म्हणून मामांनी अक्षरं जशीच्या तशी कागदावर उतरवून आणली. मालकांनी चष्मा लावून वाचलं: मल्लप्पा, आणि विजापूरकडच्या एका गावाचं नाव. खाली लिहिलं होतं, ही कमान मी घडवली.

ठेकेदार चांगला माणूस होता. मामांची गोष्ट त्याला ठाऊक होती. तो म्हणाला, "मामा, रंगाचा एक हात मारू का त्याच्यावर? वर बघतंय कोण?" मामांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि ते घरी गेले.

चौथ्या दिवशी मामींचा मला शाळेत फोन आला. "तुमचे मामा तीन दिवस घरातच आहेत. ताप नाही, खोकला नाही. नुसते घरात आहेत. येऊन बघून जा बाबा."

मी गेलो. मामा पिंपळांच्या डब्यांमध्ये पाट टाकून बसले होते. मी शेजारी बसलो. डब्यातली माती चाचपत ते बोलू लागले.

"खालांच्या नवऱ्याने मला एवढंच सांगितलं होतं, की आमचे आजोबा त्या बांधकामावर दगड घडवायला होते. कमान त्यांनी केली असं तो कधीच म्हणाला नाही. त्यांच्या नावाला कमान मी लावली."

"मुद्दाम?"

"मुद्दाम कोण खोटं बोलतं रे? पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणालो, कमानही त्यांनीच केली असेल. पुढच्या वेळी म्हणालो, केली असावी. मग कधीतरी ते 'असावी' गळून गेलं. कमानीखाली उभं राहण्याची गोष्ट तर मी दुसऱ्याच कुठल्या गावाची ऐकली होती. लोकांचे डोळे चमकायचे, म्हणून…"

माझ्या वडिलांचं ते दगडाबद्दलचं वाक्य मला आठवलं. ते मी बोललो नाही. उलट समजूत घालायला गेलो. म्हटलं, मामा, गोष्टच आहे. कुणाचं वाईट झालं नाही, एका घराचं भलंच झालं. ते कानडी कोण वाचणार आहे?

मामांनी माझ्याकडे बघितलं. ते माझ्यावर कधी रागावले नव्हते. त्या दिवशीही रागावले नाहीत. म्हणाले, "त्या मल्लप्पानं नाव कुठं कोरलं? जिथं कुणालाच दिसणार नाही तिथं. त्याला मिरवायचं नव्हतं. नुसतं असू दे म्हणून कोरलं. आणि मी रोज त्याच्या खाली उभा राहून त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर करत होतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खालांकडे गेलो. त्या ओसरीत गोधडी पसरून बसल्या होत्या, मुलगा दारात टेम्पो धूत होता. सुनेने चहा आणला. मामांनी कप बाजूला सरकवला आणि म्हणाले, "आधी ऐका. मग द्यायचा तर द्या." आणि त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. कानडी अक्षरं सांगितली, मल्लप्पा सांगितला, आपणच कशी भर घातली तेही सांगितलं. खालांची सुई चालायची थांबली.

मुलगा आत आला. त्याच्या हातातून पाणी गळत होतं. "मामा, टेम्पोवर लिहिलंय ना मी. पोरीच्या पत्रिकेत छापलंय. आता काय, पुसू?" मामांनी मान खाली घातली. "गल्लीत तोंड कसं दाखवू मी?" मुलगा म्हणाला आणि पुन्हा बाहेर गेला. बादली जोरात आपटल्याचा आवाज आला.

खालांनी सुई गोधडीत खोचून ठेवली. मग त्यांनी विचारलं, "कमान नै बनाए, तो क्या बनाए दादाजान?"

"माहीत नाही, खाला."

"बीस साल तुम बोले, कमान, कमान. अब मालूम नै बोल्ते?" त्या उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या, आणि पेटीतून फडक्यात गुंडाळलेली एक छिन्नी घेऊन आल्या. झिजून बोटभर उरलेली. तिच्या दांड्यावर खूण होती: तीन आडव्या रेघा आणि बाजूला एक टिंब. "ये उनकी निशानी. माझे सासरे सांगायचे, घडवलेल्या दगडावर ही खूण घालायचे. जाव, ढूंढो. मिळालं की या. तोपर्यंत या घरात चहा नक्को."

चहाचा कप त्यांनी स्वतः उचलून आत नेला.

आणि मामा खरोखरच शोधायला लागले. हातात ओलं फडकं, खडू आणि बॅटरी. सूतबाजाराच्या भिंतीशी उकिडवे बसून ते एकेक दगड पुसत, तिरका उजेड टाकून बघत, बघून झालेल्या दगडावर खडूने बारीक फुली करत. बाजारातल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची अंगठी हरवली. दोन-तीन भाजीवाल्या बायका पाटी बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर जमिनीवर शोधू लागल्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "काय हरवलंय वो मामा? सोन्याचं व्हतं का?" मामा म्हणाले, "एका माणसाचं काम हरवलंय." बाईने पाटी उचलली आणि पुढे जाऊन दुसरीला सांगितलं, मामांचं डोकं फिरलंय, उन्हाचा परिणाम हाय.

स्टँडवर जाणं बंद झालं होतं. ओळखीच्या कंडक्टरने एकदा दोन पाहुणे त्यांच्याकडे आणून सोडले. मामा त्यांना म्हणाले, "मला नक्की माहीत नाही," आणि परत पाठवलं. हे "नक्की माहीत नाही" त्यांच्या तोंडात इतकं बसलं, की भाकरी किती वाढू म्हणून मामींनी विचारलं तरी तेच उत्तर येई. मामी आधी हसल्या, मग एक दिवस रडल्या.

त्यांच्याकडे एक वही होती. जे पाहुणे आपण होऊन पत्ता देत, त्यांचे पत्ते त्यात होते. मामांनी त्या सगळ्यांना पोस्टकार्डं लिहिली. मजकूर मला त्यांनी तपासायला दिला होता: आपण सोलापुरास आला असता आपणांस सूतबाजाराची कमान दाखवून मी जी हकीकत सांगितली ती चुकीची होती, कमान मल्लप्पा नावाच्या कारागिराने घडवली आहे, कृपया दुरुस्ती करून घ्यावी, क्षमस्व. उत्तरं फार आली नाहीत. नागपूरच्या एका शिक्षकांनी मात्र आवर्जून लिहिलं. पत्रात प्रकृतीची चौकशी होती, पिंपळ आता छातीइतका झाला आहे हे होतं, आणि शेवटी विचारलं होतं, "कोणती कमान?" मामांनी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. नंतर चष्मा काढून ठेवत म्हणाले, "बघ. मी सजवून सांगितलं, आणि हे एवढं उरलं."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. दर्शनी भिंत झाली, जोतं झालं, खिडक्यांचे उंबरे झाले. खूण कुठेच नव्हती. मी मनातून धरून चाललो होतो की ती मिळणार नाही, आणि खालांकडचा चहा मामांसाठी कायमचा बंद झाला.

थंडीतल्या एका दुपारी शाळेत फोन आला. मामा मोठ्याने बोलत होते, पण मला एकच शब्द कळत होता: "पाच इंच! पाच इंच!" मी सायकल काढून गेलो. सूतबाजाराच्या पाठीमागे एक बोळ आहे. तिथे कित्येक वर्षं मोडकी बाकं, पत्रे, पोती असं काय काय टाकलेलं होतं. डागडुजीवाल्यांनी ते उचललं होतं आणि खालून पायऱ्या निघाल्या होत्या. मागच्या दारात जाणाऱ्या, रुंद, काळ्या दगडाच्या, अकरा पायऱ्या. मामा तिसऱ्या पायरीवर गुडघे टेकून बसले होते. ओल्या फडक्याने पुसलेल्या कडेला तीन आडव्या रेघा होत्या आणि एक टिंब.

"समोरच्या पायऱ्या साडेसात इंच उंच," मामा म्हणाले. "ह्या पाच. सगळ्या. मी दोनदा मोजल्या."

उंची कमी का, हे त्यांनी मला सांगितलं नाही. आता ते अंदाज सांगत नव्हते. त्यांनी भवानी पेठेत जाऊन एका म्हाताऱ्या हमालाला शोधून काढलं, ज्याने तरुणपणी याच बाजारात सुताच्या गाठी वाहिल्या होत्या, आणि त्याला रिक्षात घालून तिथे आणलं. हमालाने पायऱ्या बघितल्या, तो दोन पायऱ्या चढला, उतरला. "ह्याच की," तो म्हणाला. "पाठीवर गाठ घिऊन दिसाला किती खेपा व्हायच्या, मोजदाद न्हाई. दुसऱ्या गोदामात चढलं की मांडीत गोळं यायचं. हितं कवा पाय दुकला न्हाई. लई सोप्या पायऱ्या. आमी म्हणायचो, ज्यानं बांधल्या त्यानं कवातरी वझं उचललं असणार."

मामांनी ते वहीत लिहून घेतलं. त्याचं नाव, कुणाकडून ऐकलं, कधी.

खालांकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मामांनी आत पाऊल टाकलं नाही. दारातूनच म्हणाले, "खूण सापडली. सात पायऱ्यांवर आहे, चारांवर नाही. त्या चार कुणाच्या ते माहीत नाही. सात त्यांच्या, एवढं नक्की."

"पायऱ्या?" मुलगा म्हणाला. "मागल्या बाजूच्या?"

खालांनी त्याला हातानेच गप्प केलं. चप्पल पायात सरकवत त्या म्हणाल्या, "टेम्पो काढ."

टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी खाला, मागच्या मोकळ्या हौद्यात मामा आणि मी, असे आम्ही सूतबाजाराच्या पाठीमागे आलो. वाचनालयाच्या शिपायाला मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं; त्याने मागचं दार उघडून ठेवलं होतं. खाला पहिल्या पायरीपाशी थांबल्या. मामांनी त्यांना खूण दाखवली. त्यांनी वाकून बोट फिरवलं. रेघांवरून, मग टिंबावरून. मग पाय उचलला.

मुलगा आधाराला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. एक पायरी. थांबल्या. दुसरी. पाचव्या पायरीवर त्यांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर असं नवल होतं की मला वाटलं त्यांना काहीतरी होतंय. "चढे जैसा लगताच नै," त्या म्हणाल्या. आणि त्या चढत गेल्या, अकराच्या अकरा, भिंतीला नुसता हात लावून. दारातून त्या आत गेल्या. इतकी वर्षं रस्त्यावरून बघितलेल्या इमारतीत त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाऊल टाकलं.

आत मोठं दालन आहे. दुपारी तिथे पाच-सहा म्हातारे पेपर वाचत बसलेले असतात. समोरच्या कमानीतून ऊन आत आलेलं होतं आणि पोपटांच्या जोडीची सावली फरशीवर पडली होती. खाला एका बाकावर टेकल्या. बराच वेळ त्यांनी ती सावली बघितली. "अच्छा काम किया उसने भी," त्या मल्लप्पाबद्दल म्हणाल्या.

मुलाला राहवेना. तो म्हणाला, "अम्मी, म्हणजे बघ, कमानीपेक्षा पायऱ्याच मोठं काम. कमान नुसती शोभेची…"

"कायकू बडा करता?" खाला म्हणाल्या. "पायऱ्या आहेत. चांगल्या आहेत. बस."

मामा खांबाला टेकून उभे होते. खालांनी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "घरकू चलो, भाईजान. चाय पीव."

मामांनी दोन कप घेतले. दुसरा मागून घेतला. परतताना भवानी पेठेच्या वळणावर थांबून त्यांनी मला विचारलं, एखाद्याने सुट्टीचा अर्ज करावा तशा आवाजात, "मी परत सांगायला लागू का रे? जेवढं माहीत आहे तेवढंच."

"सांगा की, मामा."

ते पुन्हा स्टँडवर जाऊ लागले. त्यांची फेरी लहान झाली होती. वाक्यं तुटक झाली होती आणि मध्ये मध्ये "हे माहीत नाही" असे थांबे आले होते. पाहुणे जेवायच्या वेळेला घरी पोचू लागले. मामी म्हणायच्या, आता बरंय. पण म्हणताना त्यांचा आवाज तितकासा बरा नसे.

या वर्षी मामांचं चालणं थांबलं. ते गच्चीतही जात नाहीत. खिडकीपाशी खाट टाकली आहे तिथे असतात. सुट्टीच्या दिवशी कधी वेळ मिळाला तर मी स्टँडवर जातो. "गाडीला दोन तास आहेत ना?" हे मला त्यांच्यासारखं विचारता येत नाही, लोक बिचकतात. तरी एखादं कुटुंब येतं. मी त्यांना सूतबाजाराशी नेतो. कमान मल्लप्पाने घडवली, असं सांगतो. ते विचारतात, तो कोण होता? मी म्हणतो, माहीत नाही. मग मागच्या बोळात नेऊन पायऱ्या दाखवतो, खूण दाखवतो, आणि त्याही माणसाबद्दल मला याहून जास्त सांगता येत नाही.

संध्याकाळी मी मामांकडे जातो. ते डोळे मिटून पडलेले असतात, पण माझं पाऊल ओळखतात.

"आज कुणी आलं होतं?"

"आलं होतं, मामा. बार्शीकडची माणसं. म्हातारी आई बरोबर होती."

"काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही. मागच्या पायऱ्यांवर बसून राहिली. गाडीची वेळ झाली तरी उठेना."

चादरीवर मामांचा तळहात उघडा होतो. मग डोळे न उघडताच म्हणतात,

"बसू द्यावं."